गीताची घडण आणि ऐकणाराची पारख



गतवर्षीं गायनाच्या तासाला नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला प्रश्न केला. तो म्हणाला, "गुरुजी, बीटल्स नांवाच्या विलायती गवयांनीं आपण प्रभु येशूपेक्षां अधिक लोकप्रिय आहों असें म्हटलें होतें म्हणतात. हें खरें असेल, तर त्यांचीं गाणीं आपण ऐकावीं कीं ऐकूं नयेत?" इतक्यांत घंटा झाली, आणि "पुढच्या तासाला सांगेन" एवढें म्हणून मीं सुटका करून घेतली. पुढच्या तासाला परीक्षा आली, तिच्या मागून सुटी आली, आणि उत्तर राहूनच गेलें. खरें सांगावयाचें तर तें मजजवळ तयार नव्हतें. त्या विद्यार्थ्याचें देणें आज ह्या वार्षिकांतून फेडण्याचा विचार आहे.

पालकांपैकींहि कित्येकांस हाच प्रश्न निराळ्या रीतीनें पडत असेल. मुलगा कानांत यंत्र घालून बसतो. आंत काय चाललें आहे तें आईबापांस कळत नाहीं. विचारलें तर "रॉक" एवढेंच त्रोटक उत्तर मिळतें. "ही सारी आरडाओरड," असें वडील म्हणतात. "तुम्हांला त्यांतलें कळत नाहीं," असें मुलगा म्हणतो. दोघेहि न तपासतां बोलतात. म्हणून निवाडा देण्यापूर्वीं आपण साक्षीपुरावा पाहूं. उदाहरणादाखल ह्याच मंडळीच्या कांहीं ध्वनिमुद्रिका घेतों. कारण त्या कशा घडल्या ह्याची माहिती विपुल उपलब्ध आहे. शिवाय त्या मला मनापासून आवडतात, हेंहि आरंभींच कबूल केलेलें बरें. साक्षीदार पक्षपाती असेल तर न्यायाधीशास तें ठाऊक असावें.

चर्चच्या मेळ्यांत जुळलेली जोडी

लिव्हरपूल हें इंग्लंडांतील एक मोठें बंदर. त्याच्या वूल्टन नांवाच्या उपनगरांत सेंट पीटर्स चर्च आहे. ६ जुलै १९५७ रोजीं त्या चर्चच्या आवारांत वार्षिक मेळा भरला होता. तेथें जॉन लेनन नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा आपल्या सोबत्यांसह गात होता. पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी मेळा पाहावयास आला होता; एका मित्रानें दोघांची ओळख करून दिली. पुढें जॉर्ज हॅरिसन आणि १९६२ सालीं रिंगो स्टार हे त्यांस मिळाले, व चौघांचा संच पुरा झाला. १९७० सालीं तो मोडला. लेनन १९८० सालीं न्यूयॉर्क येथें मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला. हॅरिसन २००१ सालीं कर्करोगानें वारला.

ह्या चौघांपैकीं कोणासहि कागदावरील स्वरलिपि वाचतां येत नव्हती. तेव्हां शिक्षणाची गरजच नाहीं, असा निष्कर्ष जो विद्यार्थी ह्यावरून काढील, त्यानें अंमळ थांबावें. प्रसिद्धि मिळण्यापूर्वीं ही मंडळी जर्मनींतील हँबुर्ग शहराच्या क्लबांतून रात्रीमागून रात्री तासन् तास गात होती. ती त्यांची शाळा. आणि पुढें त्यांना जॉर्ज मार्टिन हा ध्वनिमुद्रण-दिग्दर्शक लाभला. मार्टिन (१९२६–२०१६) लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयांत शिकलेला असून ओबो नांवाचें सुषिर वाद्य वाजवीत असे. त्यांच्या मनांत जें घुमे तें तो स्वरलिपींत उतरवी आणि व्हायोलिनवाल्यांपुढें ठेवी. एकापाशीं कल्पना आणि दुसऱ्यापाशीं विद्या. एकानें दुसऱ्यास कमी लेखिलें नाहीं, म्हणूनच पुढचें सारें घडलें.

तीन मिनिटांची शिस्त

आमच्या पणजोबांच्या काळच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावत असे. नाट्यगृहांत एकच पद घोळून घोळून आळविणाऱ्या बालगंधर्वांनासुद्धां तबकडीसाठीं तें तेवढ्यांत बसवावें लागे. पुढें ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आली, तरी लोकप्रिय गाण्याची लांबी बहुधा दोन-तीन मिनिटांचीच राहिली. ही मर्यादा जाचक खरी. पण निबंधाला शब्दमर्यादा घातली म्हणजे जसे चांगल्या लेखकाचे फापटपसारे आपोआप गळतात, तसें गाण्याचेंहि होतें.

बीटल्सच्या पहिल्या लाँग-प्ले तबकडींत चौदा गाणीं होतीं. त्यांतील दहा त्यांनीं ११ फेब्रुवारी १९६३ ह्या एकाच दिवशीं लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत गाऊन पुरीं केलीं. त्या दिवशीं लेननला पडसें झालें होतें. घसा अगदींच बसेल ह्या भयानें "ट्विस्ट अँड शाउट" हें सर्वांत ताणाचें गाणें शेवटीं ठेविलें. तें पहिल्याच खेपेस साधलें. दुसरी खेप करून पाहिली, पण आवाज उरला नव्हता. आज तें गाणें ऐकतांना घसा फाटत असल्याचें स्पष्ट ऐकूं येतें. माझ्या मतें तो दोष नव्हे. एका दिवसाच्या श्रमाची ती प्रामाणिक नोंद आहे. अंगीं असेल नसेल तेवढें बळ माणसानें खर्ची घातल्याचा आवाज कसा असतो, हें ज्यास ऐकावयाचें असेल त्यानें तें ऐकावें.

झोपेंत सांपडलेली चाल

"येस्टरडे" ह्या गीताची चाल मॅकार्टनीला झोपेंतून जागें होतांना सुचली. ती इतकी सहज आली कीं ही आपली नसावी, कोठें तरी ऐकलेली असावी, अशी त्यास शंका आली. कित्येक आठवडे तो ओळखीच्या माणसांना ती ऐकवून "ही कोणाची?" असें विचारीत होता. रस्त्यांत सांपडलेलें पाकीट घेऊन धनी शोधीत हिंडावें, तसा हा प्रकार. कोणीच धनी निघाला नाहीं, तेव्हां कोठें त्यानें ती आपली मानिली. शब्द अजून सुचले नव्हते. चाल विसरूं नये म्हणून त्यानें तोंवर न्याहारीच्या अंड्यांविषयींचे कांहीं तरी थट्टेचे शब्द तींत घालून ठेविले होते. कवींनीं हें ध्यानांत ठेवावें: पहिला खर्डा हास्यास्पद असला तरी चालतो, तो जपून ठेवणें महत्त्वाचें.

१४ जून १९६५ रोजीं त्यानें तें एकट्यानें गिटारवर गाइलें. त्याच दिवशीं त्यानें "आय'म डाउन" हें घसा फोडून ओरडण्याचें गाणेंहि गाइलें होतें! तीन दिवसांनीं मार्टिनच्या सूचनेवरून दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो एवढ्यांचीच साथ त्यांत भरली. सूर थरथरवून रडका करूं नये, सरळ लावावा, असा मॅकार्टनीचा आग्रह होता. ढोल नाहीं, उरलेल्या तिघांचा आवाजहि नाहीं. अवघीं दोन मिनिटें, आणि गाणें संपतें.

त्याची घडण पाहण्यासारखी आहे. पाश्चात्य लोकप्रिय गीतांत एक कडवें बहुधा आठ तालखंडांचें असतें. आपला कान आठाची अपेक्षा करूनच बसलेला असतो. येथें तें सातांतच आटोपतें. काल होतें तें आज राहिलें नाहीं, हा गीताचा विषय; आणि कडवेंहि तसेंच अपेक्षेच्या आधीं हातांतून निसटतें. हें त्यानें मोजून केलें असें नव्हे. पण अर्थ आणि आकार असे एकजीव झाले म्हणजे साधें गाणें टिकतें.

ह्याच्या उलट उदाहरणहि त्यांच्याच संग्रहांत आहे. "द लाँग अँड वाइंडिंग रोड" हें त्याचें तितकेंच साधें गीत. परंतु १९७० सालीं फिल स्पेक्टर नांवाच्या दिग्दर्शकानें त्यावर तंतुवाद्यांचा मोठा मेळ आणि गायिकांचा समूह चढविला. मॅकार्टनीला तें मुळींच रुचलें नाहीं. २००३ सालीं ह्या साजावांचून तें पुन्हां प्रसिद्ध करण्यांत आलें. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. चेहरा सुरेख असतांना दागिन्यांनीं तो झांकावा, तसें पहिल्याचें झालें आहे. आपल्या स्नेहसंमेलनांतील गायनासहि हा धडा उपयोगी पडेल.

एलेनॉर रिग्बी

आतां ज्या गीतामुळें हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतों. १९६६ सालचें "एलेनॉर रिग्बी" हें प्रेमगीत नव्हे. एक एकाकी स्त्री आहे. चर्चमध्यें दुसऱ्यांचें लग्न लागून गेल्यावर खालीं पडलेले तांदूळ ती वेंचते. एक एकाकी धर्मगुरु आहे. कोणी ऐकावयास येणार नाहीं असें प्रवचन तो लिहीत बसतो. शेवटीं ती मरते, तो तिला पुरतो, आणि प्रेतयात्रेस कोणीहि येत नाहीं. दोन मिनिटांत एवढी कथा! कोठेंहि रडणें नाहीं, उपदेश नाहीं. कवि फक्त दाखवितो आणि बाजूस होतो.

ह्यांत चौघांपैकीं एकानेंहि वाद्य वाजविलेलें नाहीं. चार व्हायोलिनें, दोन व्हायोला आणि दोन चेलो अशीं आठ तंतुवाद्यें मार्टिननें योजिलीं. जेफ एमेरिक हा अवघ्या वीस वर्षांचा ध्वनिमुद्रक होता. त्यानें ध्वनिग्राहक यंत्रें नेहमींप्रमाणें दूर न ठेवतां तारांच्या अगदीं जवळ नेलीं. वादकांस अवघडल्यासारखें झालें. परंतु गज तारेस चावतो तो कठोर आवाज त्यामुळेंच आपणांस ऐकूं येतो. "येस्टरडे"मधील तंतुवाद्यें सांत्वन करितात. येथील तंतुवाद्यें जाब विचारितात.

लेनन-मॅकार्टनी जेथें प्रथम भेटले त्या वूल्टनच्या चर्चच्या दफनभूमींत एलेनॉर रिग्बी हें नांव कोरलेला एक दगड आहे. मॅकार्टनी म्हणतो कीं नांव आपण तेथून घेतलें नाहीं. तें कसेंहि असो. त्यानें चर्चमधील एकटीं माणसें पाहिलीं असावींत. आम्हीं तीं पाहिलीं आहेत काय? दर रविवारीं शेवटच्या बांकावर बसून, शेवटचें गीत संपतांच कोणाशीं न बोलतां निघून जाणारें एखादें माणूस आमच्या मंडळींतहि असेल. हें गीत ऐकल्यापासून मी तसें माणूस शोधूं लागलों, आणि तें मला सांपडलें. ह्यापरतें गीताचें यश मला ठाऊक नाहीं.

ध्वनिमुद्रणगृह हेंच वाद्य

ऑगस्ट १९६६ नंतर बीटल्सनीं जाहीर जलसे करणें सोडलें आणि आपला सारा वेळ ध्वनिमुद्रणाला दिला. त्या वेळीं त्यांच्या हातीं चार ट्रॅकांचें यंत्र होतें. म्हणजे काय? एकाच ध्वनिफितीवर चार समांतर पट्टे असत. एकावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज, असें वेगवेगळें भरतां येई. चारहि भरले कीं ते एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका पट्ट्यावर उतरवीत, म्हणजे पुढें पुन्हां जागा होई. परंतु एकदां मिसळलेलें पुन्हां वेगळें करतां येत नसे. दुधांत साखर घातल्यावर काढतां येत नाहीं, तद्वत्. म्हणून प्रत्येक पायरीवर विचार करून निश्चय करावा लागे. आज संगणकावर शेंकडों पट्टे मिळतात आणि कोणताहि निश्चय उद्यांवर टाकतां येतो. ही सोय खरी. पण सोयीनें निश्चयशक्ति वाढतेच असें नाहीं.

एकच ओळ दोनदां गाऊन आवाजावर आवाज चढविला म्हणजे तो भरदार होतो. लेननला ह्याचा कंटाळा असे. तेव्हां केन टाउनसेंड ह्या तेथील यंत्रज्ञानें १९६६ सालीं दुसरें ध्वनिफीतयंत्र जोडून एकाच आवाजाची किंचित् मागेंपुढें सरकलेली प्रत मिळविण्याची युक्ति काढिली. अशा पडद्यामागील माणसांचीं नांवें गाणें ऐकणारांस क्वचितच ठाऊक असतात. विद्यार्थ्यांनीं तीं मुद्दाम लक्षांत ठेवावींत.

त्याच वर्षींचें "टुमॉरो नेव्हर नोज" हें गीत आपल्या कानास विलक्षण जवळचें वाटेल. पाश्चात्य गीतांत स्वरसंघ सतत बदलत असतात. ह्यांत जवळजवळ आरंभापासून अंतापर्यंत एकच आधारस्वर असून मागें तंबोरा आहे. त्यावर ध्वनिफितीचीं लहान लहान वेटोळीं करून निरनिराळ्या यंत्रांवर फिरविलेले चमत्कारिक आवाज येतात व जातात. प्रथम गोंधळ वाटेल. तंबोऱ्यावर लक्ष ठेवा, म्हणजे सारें जागच्या जागीं बसेल.

"स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर" ह्या गीताला लेननच्या घराजवळील, मुक्तिफौजेनें चालविलेल्या बालगृहाचें नांव आहे; लहानपणीं तो तेथील बागेंत खेळावयास जाई. ह्या गीताचे दोन निरनिराळे पाठ ध्वनिमुद्रित झाले: एक संथ, दुसरा कर्णे आणि चेलो ह्यांसह अधिक जलद. लेननला पहिल्याचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट आवडला. दोन्ही जोडून द्या म्हणाला. मार्टिननें सांगितलें कीं दोहोंची पट्टी निराळी आणि लयहि निराळी. तरी प्रयत्न केला. एकाची गति किंचित् वाढविली, दुसऱ्याची किंचित् कमी केली. तों पट्टी व लय दोन्ही जुळलीं! सुमारें एका मिनिटावर तो सांधा आहे. कान देऊन शोधा. एकदां सांपडला म्हणजे पुन्हां चुकावयाचा नाहीं.

१९६७ सालच्या "सार्जंट पेपर" ह्या तबकडीस सुमारें ७०० तास लागले असें सांगतात. जेथें पहिल्या तबकडींतील दहा गाण्यांस एक दिवस पुरला होता, तेथें हा फरक! तिच्या अखेरच्या "अ डे इन द लाइफ" ह्या गीतांत चाळीस वादकांस एक विलक्षण आज्ञा होती: प्रत्येकानें आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत ठरलेल्या वेळांत चढत जावें, मात्र शेजाऱ्याकडे लक्ष देऊं नये. जन्मभर एकत्र वाजविण्याचें शिक्षण घेतलेल्यांस हें किती जड गेलें असेल! गीताच्या शेवटीं तीन पियानोंवर एकदम एकच स्वरसंघ वाजविला आहे, आणि त्यांत मार्टिन आपली ओळखीची बाजाची पेटी वाजवीत आहे. तो नाद चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत जातो. नाद विरतो तसतसा ध्वनिग्राहक वाढवीत नेल्यामुळें शेवटीं शेवटीं खोलींतील बारीकसारीक आवाजहि ऐकूं येतात.

पुष्कळ लोक ह्या तबकडीस शिरोमणि मानतात. माझें मत भिन्न आहे. मला तिच्या आदल्या वर्षींची "रिव्हॉल्व्हर" ही अधिक श्रेष्ठ वाटते. "सार्जंट पेपर"मध्यें कांहीं गाण्यांचा पोषाख गाण्यापेक्षां भारी आहे. "रिव्हॉल्व्हर"मध्यें प्रत्येक नवी युक्ति गाण्याच्या गरजेंतून आलेली आहे. ज्यास हें पटणार नाहीं त्यानें दोन्ही ऐकून मजशीं वाद घालावा; तो आनंदानें ऐकून घेईन.

मुंबईशीं संबंध

हॅरिसननें १९६५ सालीं "नॉर्वेजियन वुड" ह्या गीतांत सतार वाजविली. ती वाजविण्याचें शिक्षण त्यानें तोंवर घेतलेलें नव्हतें. पुढें पंडित रविशंकर भेटले, आणि सप्टेंबर १९६६ मध्यें तो त्यांजपाशीं शिकण्यासाठीं मुंबईस आला. जानेवारी १९६८ मध्यें तो पुन्हां मुंबईस आला आणि एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत "वंडरवॉल" ह्या चित्रपटासाठीं त्यानें संगीत ध्वनिमुद्रित केलें. त्या कामांत सरोदवादक आशिष खाँ, संतूरवादक शिवकुमार शर्मा ह्यांच्यासारखे कलावंत होते. त्याच मुक्कामांत "दि इनर लाइट" ह्या गीताची साथ मुंबईंत भरण्यांत आली. आवाज मागाहून लंडनमध्यें भरला. मार्च १९६८ मध्यें तें एका लहान तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर प्रसिद्ध झालें. केंब्रिजचे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो ह्यांनीं पत्र लिहून सुचविल्यावरून हॅरिसननें त्याचे शब्द चीनमधील "ताओ ते चिंग" ह्या ग्रंथाच्या आधारें रचिले. जगांत इतका फिरून आलेला तो दोन-अडीच मिनिटांचा पाहुणा आपल्या मुंबईंत वाढला, हें किती जणांस ठाऊक आहे?

कांहीं वर्षांच्या अभ्यासानंतर आपण उत्तम सतारवादक होणार नाहीं हें ओळखून हॅरिसन गिटारकडे परतला. मला त्याची ही माघार सन्माननीय वाटते. शास्त्राची उंची कळल्यावांचून ती घेतां येत नाहीं. १ ऑगस्ट १९७१ रोजीं त्यानें रविशंकरांच्या विनंतीवरून बांगला देशांतील निर्वासितांसाठीं न्यूयॉर्क येथें जलसा केला. जलशाच्या तिकिटांचे सुमारें २,४३,००० डॉलर युनिसेफच्या मार्फत मदतीस गेले. आरंभीं रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्ला रखा हे वाद्यें जुळवीत असतां श्रोत्यांनीं तेंच वादन समजून टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकरांनीं हंसून आभार मानिले; जुळविणें एवढें आवडलें तर वाजविणें अधिक आवडेल अशी आशा त्यांनीं व्यक्त केली. आपण पाश्चात्य संगीतास नांवें ठेवितों तेव्हां कदाचित् आपलेंहि असेंच होत असेल. त्यांचें वाजणें कोठें सुरू झालें हेंच आपणांस कळलेलें नसतें.

नकळत केलेली चोरी

ह्याच हॅरिसनचें "माय स्वीट लॉर्ड" हें १९७० सालचें भक्तिगीत. "हालेलूया" आणि "हरे कृष्ण" दोन्ही त्यांत येतात. तें जगभर गाजलें. परंतु त्याची चाल "ही'ज सो फाइन" ह्या १९६३ सालच्या गीताशीं मिळती आहे असा अमेरिकेंत दावा झाला. १९७६ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं हॅरिसननें बुद्धिपुरस्सर चोरी केलेली नाहीं. तथापि ऐकलेली चाल मनाच्या खोल कप्प्यांतून नकळत वर आली, आणि त्याची जबाबदारी त्याचीच आहे.

आतां हें "येस्टरडे"च्या कथेशेजारीं ठेवून पाहा. एकानें सुचलेली चाल आपली कीं परक्याची हें दारोदार विचारिलें. दुसऱ्यानें विचारिलें नाहीं. दोघेहि प्रामाणिकच होते. पण प्रामाणिकपणाबरोबर चौकशीहि लागते. तुमच्या निबंधांत एखादें सुरेख वाक्य फार सहज उतरलें, तर क्षणभर थांबून "हें मीं कोठें वाचलें?" असें स्वतःस विचारा. आजकाल यंत्राकडून निबंध लिहवून घेण्याची सोय झाली आहे, तेव्हां तर हा प्रश्न अधिकच विचारा.

मूळ प्रश्नाचें उत्तर

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. होय, तें खरें आहे. मार्च १९६६ मध्यें लंडनच्या एका वर्तमानपत्रास दिलेल्या मुलाखतींत लेनन म्हणाला कीं ख्रिस्ती धर्म ओसरत आहे, आणि आतां आपली मंडळी येशूहून अधिक लोकप्रिय आहे. इंग्लंडांत त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पण उन्हाळ्यांत एका अमेरिकन मासिकानें तें वाक्य वेगळें काढून छापलें, आणि दक्षिणेकडील संस्थानांत एकच गहजब झाला. रेडिओ-केंद्रांनीं त्यांचीं गाणीं बंद केलीं. कांहीं ठिकाणीं तरुणांकडून तबकड्यांच्या होळ्या करविण्यांत आल्या. ११ ऑगस्ट रोजीं शिकागो येथें लेनननें खुलासा केला कीं आपण येशूहून थोर आहों असें आपणांस म्हणावयाचें नव्हतें, आणि दिलगिरी दर्शविली. त्या दौऱ्यानंतर त्यांनीं जलसे सोडले तें वर सांगितलेंच आहे. २००८ सालीं व्हॅटिकनच्या दैनिकानेंहि तें वाक्य म्हणजे अकस्मात् यश लाभलेल्या एका तरुणाची फुशारकी होती, असें म्हणून तो विषय मिटविला.

माझें मत विचाराल तर त्या वाक्यांत गर्व होता, आणि थोडें खरेंहि होतें. गर्वाचा निषेध करावा. खऱ्याचा करूं नये. इंग्लंडांतील चर्चें रिकामीं होत चाललीं होतीं, आणि हें त्यानें सांगितल्यामुळें झालेलें नव्हतें. आणखी एक गोष्ट पाहा. ज्या ऑगस्ट महिन्यांत त्या तबकड्या जळत होत्या, त्याच महिन्यांत "एलेनॉर रिग्बी" प्रसिद्ध झालें होतें. ज्या धर्मगुरूचें प्रवचन ऐकण्यास कोणी येत नाहीं त्याच्याविषयीं करुणेनें लिहिलेलें तें गीत त्या होळीकऱ्यांनीं नीट ऐकलें असतें, तर काडी ओढण्याऐवजीं एखाद्या एकाकी शेजाऱ्याचें दार वाजविण्याचें त्यांस सुचलें नसतें काय? अग्नि सर्व जाळितो. पारख करीत नाहीं. पारख करणें आणि चांगलें तें घट्ट धरणें हें काम प्रेषित पौलानें माणसांना सांगितलें आहे.

पालकांची खरी भीति मी जाणतों. ह्या चौघांचें आचरण अनुकरणीय नव्हतें. मादक द्रव्यांचें सेवन त्यांनीं केलें, आणि तें लपविलें नाहीं. "अ डे इन द लाइफ" हें गीत बी.बी.सी.नें १९६७ सालीं त्याच संशयावरून वगळिलें होतें. मुलांना हें सांगावें, आडपडदा न ठेवितां सांगावें. पण दाविदाचीं स्तोत्रें गातांना आपण दाविदाचें पाप शास्त्रांतून पुसून टाकीत नाहीं. दोन्ही वाचितों, आणि दोहोंपासून शिकतों. परक्या सुरांचीहि भीति नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं अभंग-भजनांची रीत ख्रिस्ती उपासनेंत आणिली. आज ती आमच्या उपासना-संगीतांत घरची झाली आहे.

कसें ऐकावें?

शेवटीं अभ्यास. वर सांगितलेल्यांपैकीं कोणतेंहि एक गीत घ्या आणि तीन वेळां ऐका. पहिल्या खेपेस केवळ शब्दांकडे लक्ष द्या: हें कोण बोलतें आहे, कोणाशीं, आणि कां? दुसऱ्या खेपेस एकच वाद्य धरा आणि त्याचा हात आरंभापासून शेवटपर्यंत सोडूं नका. तिसऱ्या खेपेस ह्या गीतांत काय घातलेलें *नाहीं* तें शोधा. मग तें गीत तुम्हांस आवडलें किंवा नाहीं हें दहा ओळींत सकारण लिहा. "छान आहे" आणि "बकवास आहे" हीं दोन वाक्यें वापरावयाचीं नाहींत.

आणि पालकांस एक विनंति. मुलगा किंवा मुलगी ऐकत असतांना एके सायंकाळीं "काय चाललें आहे हें?" असें दरडावून न विचारतां, "मलाहि ऐकव," असें म्हणून शेजारीं बसा. गाणें कदाचित् तुम्हांस आवडणार नाहीं. न आवडल्याचें कारण मात्र तुम्ही मुलास सांगूं शकाल, आणि तें त्याला ऐकूं जाईल.

ज्या विद्यार्थ्यानें प्रश्न विचारिला तो आतां दहावींत आहे. बाळ, तुझें उत्तर हें: ऐक, पण कान आणि विवेक दोन्ही उघडे ठेवून ऐक. गाणें तीन मिनिटांचें असतें. ऐकून उठल्यावर आपण कोणाच्या दारीं जातों, त्यावरून त्याची किंमत ठरते.